बसलेला खडा

आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात वाटाण्याच्या पाकिटाशेजारी सहा लायटर ठेवलेले होते. सातवा पाण्याच्या वाडग्यात बुडवलेला होता आणि आठवा हातात धरून आमचे हे टेबलफॅनसमोर उभे होते. पंखा तीनवर, ह्यांचा अंगठा चाकावर, आणि डोक्यावर उरलेले पंधरा-वीस केस सगळे मागच्या बाजूला. मी ओट्याशी उभी राहून बघत होते, हा प्रयोग आधी संपतो की माझा धीर. धीर आधी संपला. मी म्हटलं, घर पेटवायचंच असेल तर काडेपेटी पुरेल, एवढा खटाटोप कशाला. त्यावर ह्यांनी मान न वळवता मला सांगितलं की काडेपेटी दमट होते.

ते मला माहीत होतं. आमच्या घरात गेलं वर्षभर दुसरा विषयच नव्हता.

आमचे हे दुरुस्तीवाले. आख्खी गल्ली त्यांना मेस्त्री म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, त्यात शेगड्या, स्टोव्ह, कंदील आणि लायटर येतात आणि बरे होऊन जातात. मी दाराजवळच्या टेबलावर बसते. लोकांकडून वस्तू घ्यायची, तिला चिठ्ठी बांधायची, वायदा द्यायचा, आणि वायदा मोडला की बोलणी खायची, हे माझं काम. वायदा मोडतो, कारण ह्यांची दुरुस्ती एका तासात होते आणि तपासणीला दोन दिवस लागतात. लायटर दुरुस्त झाला की हे तो शंभर वेळा लावून बघतात. नव्याण्णवाव्या वेळेला चुकला तर पुन्हा एकपासून. गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत उभं असलं तरी ह्यांच्या कपाळावर आठी नाही.

दुसरा ह्यांचा हट्ट खड्याचा. लायटरच्या चाकाखाली पेन्सिलीच्या शिशाएवढा एक खडा असतो. चाक त्याच्यावर घासलं की ठिणगी उडते. नवा खडा घातला की सुरुवातीला तो कधी लागतो, कधी चुकतो. पन्नास-शंभर वेळा घासला की चाकाच्या मापाचा होतो, मग तो बसला असं म्हणायचं. बसलेल्या खड्यावर ह्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावरही नाही. आणि मी ह्यांच्याशी पस्तीस वर्षं संसार केला आहे.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणी झाडावर चढायची आणि खिशात काय वाटेल ते भरून आणायची, म्हणून तिला खारू म्हणायला लागलो, ते अजून तसंच आहे. आता ती पाणीखात्यात आहे. वर डोंगरात नदी जिथे सुरू होते तिथे जाऊन पाण्याची पातळी आणि बर्फाची जाडी मोजायची, असं तिचं काम. गाडी जाते तिथपर्यंत गाडी, मग सहा तास पायी, मग एका खोलीची दगडी चौकी. तिथे दहा दहा दिवस राहायचं. चौकीत एक लोखंडी शेगडी आहे आणि लाकडं रचून ठेवलेली असतात. ती पेटवायला आग मात्र स्वतःची न्यावी लागते.

गेल्या हिवाळ्यात ह्यांनी तिला एक गॅसचा लायटर दिला होता. स्वतः उघडून, साफ करून, नवा खडा घालून, दीड महिना तपासून. ती वर गेली. कामातल्या जोडीदाराचा पाय मुरगळला म्हणून तो खालच्या गावात थांबला होता, त्यामुळे चौकीत ती एकटी. आणि लायटर लागेना. काडेपेटी दमटून मऊ पडलेली. बाहेर बर्फाचा पाऊस. दोन दिवस तिने अंगावर असेल नसेल ते गुंडाळून काढले, तिसऱ्या दिवशी जोडीदार वर पोचला तेव्हा शेगडी पेटली. घरी आली ती छातीत कफ घेऊन, आणि पंधरा दिवस अंथरुणात होती.

काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, लायटर ओढ्यात पडला, पाणी गेलं, मग लागलाच नाही, तिथेच टाकून आले. ह्यांनी एवढंच ऐकलं. पंधरा दिवस दुकानाला कुलूप लावून तिच्या उशाशी बसले. ती बरी होऊन कामावर गेली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याशी वैर सुरू झालं. उन्हाळ्याच्या फेऱ्यांना तिला लायटर लागत नव्हता, चौकीत तेव्हा जोडीदाराचा स्टोव्ह असायचा. पण हिवाळा पुन्हा येणारच होता. आणि ह्यांनी मनाशी ठरवलं होतं की ह्या वेळी पोरीला त्यांच्या हातचा असा लायटर मिळेल की समुद्रातून काढला तरी लागेल. तोंडाने बोलले नाहीत, पण मला कळत होतं. एकदा चुकलेला हात त्यांना सरळ करायचा होता.

म्हणून हा बर्फ, वाडगा आणि पंखा. आता इतके दिवस बघून बघून मलाही त्यातलं कळायला लागलं होतं. खटक्याचा लायटर स्वयंपाकघरात गुणी, पण उंचावर गेला की रुसतो, असं ह्यांना कुणी गिर्यारोहकाने सांगितलं होतं, म्हणून तो आधीच बाद. चार्जिंगचा लायटर वाऱ्याला दाद देत नाही, पण बर्फाच्या कप्प्यातून काढला की त्याची बॅटरी जीव सोडते. गॅसचा लायटर थंडीत गारठतो, मग त्याला दहा मिनिटं बगलेत धरून बसावं लागतं. वातीचा लायटर थंडीत बरा, पण त्यातलं तेल बंद झाकणातूनही उडून जातं आणि पंधरा दिवसांनी बघावं तर कोरडा. ह्यांनी प्रत्येकाची वही ठेवली होती. मी एकदा विचारलं, माझी पण वही ठेवली आहे का. म्हणाले, तुला पाण्यात कुठे बुडवलंय.

समोरचा न्हावी रोज दुपारी आमच्या पायरीवर येऊन विडी ओढायचा आणि हा तमाशा बघायचा. त्याच्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो प्लास्टिकचा लायटर असायचा, आतला गॅस बाहेरून दिसतो तसला, संपला की फेकायचा. तो खिशातून काढायचा, एकदा चाक फिरवायचा, विडी पेटायची. दर वेळी. ह्यांच्याकडे बघून तो हसायचा, आणि हे दुसरीकडे बघायचे. फेकायच्या वस्तूबद्दल ह्यांचं मत पक्कं आहे. जी उघडता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. न्हाव्याच्या लायटरला हे लायटर म्हणतच नसत, पेटकं म्हणत.

शेवटी दिवाळं निघालेल्या कुठल्याशा कारखान्याच्या मालातून ह्यांना हवा तसा लायटर मिळाला. पितळेचा, बोटाएवढा, वातीचा, आणि वर आटे असलेलं टोपण. टोपणाच्या आत रबराची कडी, त्यामुळे ना तेल बाहेर येत, ना पाणी आत जात. रात्रभर बादलीत ठेवला, सकाळी काढून पुसला, लागला. हे इतके खूश झाले की मला लाडू आणून दिल्यासारखा तो माझ्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून रोज सकाळी चहानंतर पन्नास वेळा तो लागायला लागला. तेल कमी झालं की हे भरत. खडा बदलत नव्हते, कारण तो आता मस्त बसला होता.

खारू सोमवारी संध्याकाळी आली. गुरुवारी सकाळची तिची गाडी होती. आल्या आल्या ह्यांनी तिला तो पितळी लायटर दाखवला, बादलीत बुडवून दाखवला, पंख्यासमोर लावून दाखवला. तिने अगदी मन लावून बघितलं आणि छान आहे बाबा म्हणाली. ती फार छान म्हणाली असं मला तेव्हाच वाटलं. ही मुलगी खरोखर खूश झाली की बडबड करते.

मंगळवारी सकाळी मी तिची पाठपिशवी धुवायला घेतली. बाजूच्या कप्प्यात नेहमीचा खजिना होता. सुतळीचे तुकडे, पेन्सिलींची थोटकं, बटणं, एक गंजलेली किल्ली. आणि तळाशी गेल्या वर्षीचा गॅसचा लायटर. ओढ्यात पडलेला, तिथेच टाकून दिलेला.

मी मोरीच्या कडेवर बसले. दुरुस्तीवाल्याची बायको आहे, हातात लायटर आला की अंगठा आपोआप चाकावर जातो. गॅस फुस्स करून बाहेर आला, म्हणजे गॅस होता. चाक मात्र गुळगुळीत फिरलं. पुन्हा फिरवलं, ठिणगी नाही. खालचा स्क्रू नखाने सैल केला, स्प्रिंग बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग खडा. खडा म्हणायचा तो आपला, डाळीच्या सालाएवढं काहीतरी होतं. पाण्यात पडलेला खडा वाळला की पुन्हा लागतो. हा पाण्यात पडलेला नव्हता. हा घासून घासून संपला होता, आणि तो कुणी घासला ते मला विचारायची गरज नव्हती. दीड महिना, रोज पन्नास वेळा, माझ्या डोळ्यांसमोर.

मी खारूला मागच्या अंगणात बोलावलं आणि लायटर तिच्यासमोर धरला. ती आधी लायटरकडे बघत राहिली, मग दुकानाच्या दिशेने बघून तिने मागचं दार लोटून घेतलं.

"आई, ते पंधरा दिवस दुकान बंद ठेवून माझ्याजवळ बसले होते," ती म्हणाली. "त्यांना काय सांगायचं होतं मी? की तुम्हीच तपासून तपासून संपवलात म्हणून?"

मी विचारलं, आता तो पितळी लायटर घेऊन वर गेल्यावर काय करणार होतीस. तर बाईंनी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. न्हाव्याकडे असतात तसले दोन लायटर ती जाताना घेणार होती, एक अंगाशी आतल्या खिशात आणि एक पिशवीत. शिवाय गेल्या हिवाळ्यानंतर तिने घासायची एक सळई घेतली होती, ती ओली असली तरी ठिणग्या टाकते. आग लागेल आई, तू काळजी करू नकोस. आणि बाबांचा पण नेणार आहे मी, असं तिने मला समजूत घालावी तसं सांगितलं.

"म्हणजे नुसता फिरवून आणणार," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर माझं डोकं सटकलं होतं, पण कुणावर ते मला कळत नव्हतं. पोरीचं चुकलं म्हणावं तर तिने बापाला दुखवायचं टाळलं होतं. ह्यांचं चुकलं म्हणावं तर त्यांनी जिवापाड केलं होतं. पण वर्षभर हा माणूस बादल्या भरत होता, एका ओढ्याशी भांडत होता, आणि तो ओढा मुळात नव्हताच. आणि इतकं करून त्यांच्या हातची वस्तू पिशवीच्या तळाशी जाणार, परत येणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पोरीला आग मिळाली असती. ह्यांना काय मिळालं असतं? खारूने माझ्याकडून वचन घेतलं की मी काही बोलणार नाही. मी दिलं. तेव्हा ते पाळायचा माझा विचारही होता.

मी आधी आडून आडून प्रयत्न केला. दुकानात गेले, हे पितळी लायटर घेऊन बसलेले. एकतीस, बत्तीस. मी म्हटलं, खडा बदलून नवा घाला की, पोरगी दहा दिवस जाते आहे. ह्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. इतका बसलेला खडा काढून नवा घालायचा, आणि तो तिथे डोंगरात चुकला म्हणजे? पस्तीस वर्षं दुकानात बसून तू हेच शिकलीस का, असंही म्हणाले. तेहेतीस, चौतीस. माझं वचन तिथे संपलं.

मी आत गेले, तो जुना लायटर आणला आणि त्यांच्या टेबलावर, अगदी नाकासमोर ठेवला.

ह्यांचा अंगठा थांबला. आपल्या हातची प्रत्येक वस्तू ते ओळखतात, बुडाशी एक बारीक ठिपका कोरतात. त्यांनी लायटर उलटा केला, ठिपका बघितला. मग मी काही न सांगता त्यांनी चाक फिरवून बघितलं, गॅसचा आवाज ऐकला, स्क्रू काढला, आणि ते डाळीचं साल तळहातावर घेऊन भिंगाखाली धरलं. फार वेळ धरलं. दारात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी हातानेच उद्या या म्हणून सांगितलं.

"पाण्यात पडला नव्हता," हे म्हणाले.

"नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं चिडतील, किंवा मला म्हणतील की तुला आधीच माहीत होतं. तसं काही नाही. त्यांनी पितळी लायटर उचलला, त्याचाही खडा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दुसराही अर्ध्याच्या खाली आला होता. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. मला रडूच आलं, आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले.

त्या दिवशी दुपारभर दुकानातून टिकटिक ऐकू आली नाही. न्हावी विडी ओढायला आला आणि पाच मिनिटांत परत गेला, म्हणाला, वहिनी, मेस्त्रींची तब्येत बरी आहे ना. खारू बाजारातून आली, दुकानात डोकावली, टेबलावरचे दोन खडे बघितले आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

मग ती वडिलांसमोर जाऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे ऐकू येईल आणि दिसणार नाही अशी. शेवटी ह्यांनी तोंड उघडलं, आणि मी जे ऐकायला कान टवकारले होते त्यातलं काहीच निघालं नाही.

"वर्षभर मला बादल्या उचलायला लावल्यास," ते म्हणाले. "नुसतं सांगितलं असतंस तर कंबर तरी वाचली असती."

खारू आधी घाबरून हसली, मग खरी हसली, आणि मग ह्यांनाही हसू आलं. मी दारात उभी राहून हसले तर दोघांनी मिळून मला बाहेर काढलं आणि वचन मोडल्याबद्दल पुरेपूर बोलून घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं. इतक्या आनंदाने बोलणी मी पूर्वी कधी खाल्ली नव्हती.

हसणं संपल्यावर ह्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून माझ्या लक्षात आलं की वर्षभरात तो कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी विचारलं, वर चौकीत पोचल्यावर तू आधी काय करतेस. ती सांगायला लागली. पोचेपर्यंत हातमोजे भिजलेले असतात. ते काढले की बोटं आपली नसतातच, लाकडाची असतात. कुलूप उघडायलाच पाच मिनिटं लागतात. मग शेगडीचं दार, मग बारीक काड्या, मग लायटर. तोवर अंगठ्याला चाक लागतं आहे की दगड, काही कळत नाही.

हे ऐकता ऐकता उठले, फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ वाडग्यात ओतला, वर पाणी घातलं आणि उजवा हात मनगटापर्यंत त्यात घातला. मी म्हटलं, अहो, वय काय. ऐकतात कसले. दहा मिनिटांनी हात बाहेर काढला तेव्हा तो लाल झाला होता, आणि त्या हाताने त्यांनी पितळी लायटरचं टोपण धरलं. फिरेना. पुन्हा धरलं, बोटं घसरली. आटे बारीक, टोपण गुळगुळीत. ज्या टोपणाने समुद्र अडवला असता, ते उघडायलाच येत नव्हतं. मग खटक्याचा, मग चार्जिंगचा, मग गॅसचे दोन. कुठे बारीक बटण सापडेना, कुठे झाकण उघडेना. दर वेळी हात परत बर्फात.

सगळे संपले तेव्हा ते खारूकडे न बघता मला म्हणाले, समोरून त्याचं ते घेऊन ये.

न्हाव्याने लायटर दिला तो आयुष्यभराची मानहानी फिटल्यासारखा, आणि स्वतःही मागोमाग आला. ह्यांनी ते पेटकं गारठलेल्या मुठीत धरलं, झुरळ धरावं तसं. चाक मोठं होतं, दातेरी होतं. अंगठ्याच्या पेराने ओढलं, चुकलं. दुसऱ्यांदा ओढलं, ठिणगी पडली. तिसऱ्यांदा ज्योत आली. न्हाव्याने तेवढा मोठेपणा दाखवला, हसला नाही. हे ज्योतीकडे बघत राहिले, मग आतला गॅस उजेडापुढे धरून बघितला.

"किती उरलाय ते दिसतं," खारू म्हणाली. "मला तेवढं पुरतं, बाबा. दोन घ्यायचे, नवे, कुणी न वापरलेले. लागतो की नाही ते एकदा बघायचं आणि मग हात लावायचा नाही."

"उघडता येत नाही," हे म्हणाले. पण ते नुसतं सवयीने.

बुधवारी दोघांनी मागच्या अंगणात मांडामांड केली. पोरगी शिकवत होती आणि बाप शिकत होता, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. सळई कशी धरायची, कापसाला थोडं मलम चोळून कसा ठेवायचा म्हणजे ठिणगी पडल्याबरोबर धरतो आणि बराच वेळ जळतो, ओल्या काडीची साल काढली की आत कोरडी कशी निघते. ह्यांना सळई फार आवडली. तिला चाक नाही, गॅस नाही, बिघडायला काही नाहीच. फक्त ठिणग्या भलतीकडे उडत होत्या, आणि माझ्या वाळत घातलेल्या टॉवेलला एक भोक पडलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी खुर्ची घेऊन उन्हात बसले, वाटाणे सोलले आणि दोघांना कुठे काय चुकतंय ते सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी हे कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाले. काय आणायला, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं गाडीच्या थांब्यावर गेलो. धुकं होतं, लोक कॉलर वर करून उभे होते. खारूची पिशवी ह्यांनी उचलली होती, ती कंबरेची तक्रार विसरून. गाडी यायला थोडा वेळ होता. ह्यांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं. पुठ्ठ्यावर प्लास्टिक चिकटवलेलं, आत दोन लायटर, एक पिवळा आणि एक निळा. पाकीट कुठूनही फाटलेलं नव्हतं, कडा सरळ होत्या.

"हे मी उघडलेलं नाही," ते म्हणाले.

ह्या माणसाने आजवर तपासल्याशिवाय मला साधा दिव्याचा बल्ब लावू दिलेला नाही. काल संध्याकाळपासून ते पाकीट त्यांच्या खिशात होतं. रात्रभर खुंटीवर, त्याच कोटात. सकाळी चहा झाल्यावर त्यांचे हात सारखे मांडीवर फिरत होते, ते कशाने, ते मला आत्ता कळलं.

खारूने पाकीट घेतलं आणि दाताने फाडलं. पिवळा लायटर काढून तिने वडिलांपुढे धरला.

"एकदा लावा," ती म्हणाली. "तुम्हीच लावा. तुमचा हात लागलेला हवाय मला."

ह्यांनी तो घेतला. वाऱ्याला पाठ करून उभे राहिले, डाव्या हाताचा आडोसा केला आणि चाक ओढलं. पहिल्याच वेळेला लागला. त्यांनी ज्योतीची उंची बघितली, रंग बघितला, मग बोट उचललं. ज्योत गेली. अंगठा मात्र पुन्हा चाकावर गेला. मी बघत होते, खारू बघत होती. पस्तीस वर्षांच्या सवयीने तो अंगठा तिथे क्षणभर थांबला. मग त्यांनी तो उचलला आणि लायटर पोरीच्या हातात दिला.

तिने तो स्वेटरच्या आत, अंगालगतच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मग तिची बडबड सुरू झाली. वर किती बर्फ असेल, जोडीदार ह्या वेळी पाय सांभाळून चालणार आहे, चौकीच्या खिडकीची काच बदलली आहे, सळईला बांधायला दोरी घेतली का, घेतली. गाडी येईपर्यंत ती थांबली नाही. हे नुसते हो हो करत होते.

गाडी गेल्यावर आम्ही चालत परत निघालो. ह्यांचे दोन्ही हात खिशात होते. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, निळा लावून बघावासा वाटला नाही का तुम्हाला.

"फार वाटला," ते म्हणाले, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती म्हणून आम्ही जरा भरभर चालायला लागलो.